नामशेष मोटारी, त्यांच्या जाण्याची कारणे आणि छपरातली पद्मिनी

खानापूर तालुक्यातील एका तरुण गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आजोबांनी 1984 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गेली काही वर्षे घरामागच्या छपरात उभी आहे. घरातल्या थोरांना ती मोडीत द्यायची नाही. धाकटा भाऊ मात्र कोल्हापुरात स्वस्तात मिळणारी, भारतातून निघून गेलेल्या एका परदेशी कंपनीची डिझेल मोटार घेऊ पाहतो आहे. एकेकाळी रस्त्यावर ज्यांच्याशिवाय दुसरे काही दिसत नसे त्या कंपन्या नाहीशा का झाल्या, आणि अशा कंपनीच्या गाडीवर पैसे घालावेत की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी 1987 पासून बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत इंजिन बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचे, म्हणजे झिजलेले सिलिंडर आणि इंजिनाचा मुख्य दांडा तासून मापावर आणण्याचे काम करतो. खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगड, गडहिंग्लज आणि घाटाखालच्या सावंतवाडीकडची इंजिने माझ्या बाकावर उघडली गेली आहेत, त्यामुळे कोणती कंपनी कधी आली आणि कधी गेली हे मला वर्तमानपत्राच्या आधी कामाला येणाऱ्या ब्लॉकवरून कळत गेले. या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की केवळ गाडी वाईट होती म्हणून कंपनी बुडाली असे क्वचित घडते. गाडीच्या पाठीशी एक लांब साखळी उभी असावी लागते: पुढचे मॉडेल काढण्यासाठीचा पैसा, पत्र्याचे साचे, कामगार, सुटे भाग करणारे छोटे कारखानदार, विक्रेते आणि परवाना देणारा परदेशी भागीदार. त्यातली एक कडी तुटली की बाकीच्या सैल होत जातात. कोणत्या कंपनीची कोणती कडी तुटली हे नीट समजून घेतले, तर तिची जुनी गाडी आज सांभाळता येईल की नाही याचाही अंदाज येतो. म्हणून कारणे आधी सांगतो आणि सल्ला नंतर देतो.

अॅम्बॅसिडरपासून सुरुवात करू. बिर्ला घराण्याने हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी 1942 साली गुजरातेतल्या ओखा बंदरात काढली आणि 1948 मध्ये तिचा कारखाना कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला नेला. तिथून 1957 साली निघालेली अॅम्बॅसिडर म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती होती. ज्यांनी तिच्यावर हात चालवला त्यांना हे नाते वेगळे सांगावे लागत नसे, कारण तिच्या बोल्टांना इंची पाने लागत आणि फियाटला मिलिमीटरचे, आणि म्हणून माझ्या वस्तादांच्या भिंतीवर पान्यांच्या दोन स्वतंत्र रांगा टांगलेल्या असत. तिचे 1489 सीसीचे इंजिन बिडाचे, जाड भिंतीचे आणि हाल सोसणारे होते. वीस, चाळीस, साठ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वाढवत जायचे, तेही संपले की आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, ठोकून तोच ब्लॉक पुन्हा मूळ मापावर आणायचा, असे करत एकेका इंजिनाने दोन पिढ्यांची चाकरी केलेली मी पाहिली आहे.

एवढी दणकट गाडी गेली, याचे कारण तिच्या इंजिनात शोधून सापडणार नाही. त्या काळी उत्पादनाचा आकडा परवान्यात बांधलेला होता, 1969 पासून काही वर्षे मोटारींच्या किमतीसुद्धा सरकार ठरवत होते, आणि गिऱ्हाईक आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत होते. कारखान्यातून निघालेली प्रत्येक गाडी विकली जाणारच असल्यामुळे सुधारणा करण्याची निकड नव्हती, आणि किमतीवर बंधन असल्यामुळे सुधारणेसाठी लागणारा पैसाही फारसा साठत नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. सगळा दोष कंपनीवर किंवा सगळा दोष सरकारवर टाकणारे अर्धेच सांगतात. खुद्द इंग्लंडमध्ये मॉरिस हे नाव 1984 साली मिटले, पण त्याच घराण्यातली ही गाडी आपल्याकडे त्यानंतरही तीस वर्षे निघत राहिली.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800 ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती दिली गेली आणि वाट पाहण्याची सवय मोडायला सुरुवात झाली. अॅम्बॅसिडरला पुढे 1992-93 च्या सुमारास इसुझूचे 1800 सीसीचे इंजिन मिळाले. ते उत्तम होते आणि आजही मी त्याची वाखाणणी करतो, पण गाडीचा घाट तोच राहिला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात वर्षाला चोवीस हजारांच्या घरात विकली जाणारी ही गाडी 2013-14 मध्ये सुमारे 2,200 वर आली, आणि मे 2014 मध्ये उत्तरपाड्याचे काम थांबले. 2017 साली अॅम्बॅसिडर हे नाव प्यूजो कंपनीने 80 कोटी रुपयांना विकत घेतले. त्याच कारखान्याची 1984 ची कॉन्टेसा ही व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या साच्यांवरची देखणी, प्रशस्त गाडी होती, परंतु सुरुवातीला तिच्यात अॅम्बॅसिडरचेच 1489 सीसीचे इंजिन बसवल्यामुळे घाट चढताना तिचा जीव कासावीस होत असे. इसुझूचे इंजिन आल्यावर ती खरी मोटार झाली, पण तोवर बाजार लहान गाड्यांकडे वळला होता. 2002 मध्ये तीही थांबली.

आता आपल्या घरच्या गाडीकडे येतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभी केली आणि 1947 मध्ये मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली गाडी निघाली. सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्या डॉज, डी सोटो आणि प्लिमथ या गाड्या आणि डॉज, फार्गो नावांचे ट्रक जोडले जात. जुन्या मिस्त्रींना ठाऊक होते की डॉजचा आणि फार्गोचा भाग एकमेकांना बसतो, कारण नावाची पट्टी सोडली तर ट्रक जवळपास एकच होता. अमेरिकेत पुढे जी कितीतरी नावे मिटली त्यांचे कारण याच गोष्टीत आहे. एकाच घराने एकाच साच्याच्या गाड्या चार नावांनी, त्याच गिऱ्हाइकाला, थोड्याफार फरकाच्या किमतीत विकायला ठेवल्या की तेजीच्या दिवसांत ते खपून जाते आणि मंदी आली की त्यातले एखादे नाव कापावेच लागते. डी सोटो 1960 साली, प्लिमथ 2001 साली आणि जनरल मोटर्सची 1897 पासून चालत आलेली ओल्ड्समोबिल 2004 साली याच रीतीने गेली. त्या गाड्या रस्त्यात बंद पडत होत्या म्हणून त्या गेल्या, असा समज करून घेऊ नये.

कुर्ल्याच्या कारखान्याने 1954 च्या सुमारास फियाट 1100 हाती घेतली. साठच्या दशकात तिची 1100 डी ही आवृत्ती आली, आणि मूळ परवान्याची मुदत सरल्यावर 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. नाव बदलले तरी आपल्याकडे लोक तिला फियाटच म्हणत राहिले. 68 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक, 1089 सीसी, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे, असा तिचा साधा बांधा आहे. चोर्ला घाटाच्या पावसात प्लगच्या वायरी कोरड्या फडक्याने पुसल्या की पुन्हा चालू होणारी ही गाडी डॉक्टर, वकील आणि तंबाखूचे व्यापारी यांनी आपल्या भागात फार प्रेमाने वापरली.

पद्मिनीच्या कंपनीचा अंत मला अॅम्बॅसिडरपेक्षा अधिक दुःखद वाटतो, कारण तिने हातपाय हलवले होते. 1985 मध्ये फियाट 124 च्या साच्यावर निस्सानचे 1171 सीसीचे इंजिन बसवून तिने 118 एनई काढली. 1994 मध्ये प्यूजोशी करार करून कल्याणच्या कारखान्यात 309 ही गाडी सुरू केली, आणि लगोलग फियाटशी दुसरा करार करून 1996 मध्ये कुर्ल्यातून उनो आणली. उनोसाठी दोन लाखांहून अधिक आगाऊ नोंदण्या आल्या होत्या. म्हणजे गिऱ्हाईक होते, पैसा होता आणि गाडीही चांगली होती. परंतु दोन प्रतिस्पर्धी भागीदार एकाच वेळी सांभाळणे शक्य झाले नाही, कामगारांशी चाललेला तंटा दोन्ही कारखान्यांत चिघळला, गाड्या वेळेवर निघेनात आणि लोकांनी आपली नोंदणी परत घेतली. प्यूजो 1997 मध्ये निघून गेली, आणि शतक बदलता बदलता पद्मिनीचे उत्पादनही थांबले. तुटलेली कडी कारखान्याच्या आतली होती. कामगार आणि मालक यांच्यातला विश्वास साच्यासारखा विकत आणता येत नाही, आणि आमच्या उद्यमबागेत वीस माणसांची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, चालवणाऱ्यालाही हे रोज अनुभवावे लागते.

पद्मिनीची दुसरी एक साखळी मात्र कंपनीनंतरही जिवंत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ही गाडी ऑक्टोबर 2023 अखेरपर्यंत धावत होती, त्यामुळे कारखाना बंद होऊन वीस वर्षे उलटली तरी तिचे पिस्टन, क्लच प्लेट, किंगपिन आणि ब्रेकचे रबर करणारे छोटे कारखानदार तग धरून होते. आपल्या आजोबांच्या गाडीला इतकी वर्षे भाग मिळत गेले ते त्या टॅक्सीवाल्यांमुळे.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीचे उदाहरण वेगळे आहे. 1961 पासून निघालेली हेरल्ड आणि सत्तरच्या दशकातली गॅझेल या तिच्या लहान गाड्या. इंग्लंडमध्ये स्टँडर्ड हे नाव 1963 सालीच मिटले होते; ज्या शब्दाचा अर्थ पूर्वी आदर्श, नमुनेदार असा होता तो पुढे साधी, बिनसजावटीची आवृत्ती या अर्थाने वापरला जाऊ लागला आणि नावाची किंमत उतरली. भारतात 1985 साली या कंपनीने रोव्हर एसडी 1 चा सुंदर सांगाडा आणून स्टँडर्ड 2000 काढली, पण त्यात व्हॅनगार्ड या आपल्या जुन्या गाडीच्या काळातले 1991 सीसीचे इंजिन बसवले. किंमत उंची गाडीची आणि ओढ जुन्या गाडीची, हे गिऱ्हाइकाने पहिल्या वर्षातच ओळखले. 1988 मध्ये कारखाना बंद झाला. अशा गाडीवर पैसे घालणे मी कोणालाही सुचवणार नाही, कारण ती मुळात इतकी थोडी निघाली की तिच्यासाठी भागांचा बाजार कधी उभाच राहिला नाही.

आपण कर्नाटकात राहतो, म्हणून बंगळूरच्या सिपानीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. सत्तरच्या दशकातली तिची बादल ही फायबरच्या अंगाची, तीन चाकांची आणि मागे टू-स्ट्रोक इंजिन असलेली गाडी होती, आणि 1982 च्या सुमारास आलेली डॉल्फिन ही इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली, 848 सीसीची, तीही फायबरचीच. पत्र्याचे साचे फार महाग पडतात, म्हणून फायबर वापरून थोड्या भांडवलात मोटार काढायची ही कल्पना धाडसाची होती आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु वर्ष-दीड वर्षातच मारुती 800 आली, आणि मोठ्या संख्येने निघणाऱ्या पत्र्याच्या गाडीशी हाताने घडवलेल्या फायबरच्या गाडीला किमतीत टिकता आले नाही.

देवूची गोष्ट आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या जवळची आहे. दिल्लीजवळच्या सूरजपूरच्या कारखान्यातून तिची सिएलो 1995 मध्ये आणि मटीझ 1998 मध्ये आली. मटीझ ही इटलीच्या जुजारो यांच्या संस्थेने रेखाटलेली फार समजूतदार लहान गाडी होती, आणि इथे तिच्यावर लोक खूश होते. पण कोरियातली मूळ कंपनी कर्जाखाली दबली आणि नोव्हेंबर 2000 मध्ये तिने दिवाळे काढले. 2002 मध्ये जनरल मोटर्सने तिचा कोरियातला मोटार व्यवसाय घेतला, त्यात भारताचा कारखाना घेतला नाही. झाड समुद्रापलीकडे तोडले आणि फांदी इथे वाळली. मटीझच्या घराण्यातली गाडी 2007 साली शेवरोले स्पार्क या नावाने पुन्हा आली, पण ज्यांच्या दारात मटीझ उभी होती त्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन कंपन्या भारतातून दोनदा गेल्या, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती आणि फोर्डही त्याच काळातली. स्वातंत्र्यानंतर सरकारने 1953 च्या सुमारास ठरवले की नुसते आणलेले भाग जोडणाऱ्यांना थारा नाही, भाग इथेच बनवावे लागतील. तेव्हा दोघींनी वर्षभरात गाशा गुंडाळला. त्या जागेवरच अॅम्बॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड वाढल्या. दुसऱ्या वेळी, नव्वदच्या दशकात, दारे उघडी होती. जनरल मोटर्सने आधी ओपेल हे नाव आणले, ते 2006 मध्ये बंद केले, मधल्या काळात 2003 पासून शेवरोले आणले आणि 2008 मध्ये पुण्याजवळ तळेगावला दुसरा कारखाना उभारला. दर थोड्या वर्षांनी नाव किंवा मॉडेल बदलत गेल्यामुळे जुनी गाडी विकताना मालकाला किंमत मिळेना, आणि ज्या गाडीला पुनर्विक्रीत भाव नाही ती आपल्या भागातला माणूस नवी घेत नाही. 2013 मध्ये प्रदूषणाच्या निकषांवरून शेवरोलेच्या 1 लाख 14 हजार तवेरा गाड्या परत बोलावण्याची वेळ आली. मे 2017 मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले. गुजरातेतल्या हालोलचा तिचा कारखाना चीनच्या सैक कंपनीने घेतला आणि तिथून एमजी हे जुने इंग्रजी नाव नव्या गाड्यांवर लागून बाहेर पडू लागले, तर तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला. फोर्डने 9 सप्टेंबर 2021 रोजी इथले उत्पादन बंद करत असल्याचे सांगितले, तेव्हा दहा वर्षांतला तोटा दोन अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे तिनेच म्हटले होते. गाड्या चांगल्या होत्या. फिगो आणि इकोस्पोर्ट आजही माझ्या परिचितांच्या दारात उत्तम चालतात. पण दोन मोठे कारखाने पोसण्याइतकी विक्री कधी झाली नाही.

आणि फियाट. नाव म्हणून ती भारताच्या बाजारातून 2020 पर्यंत नाहीशी झाली, पण तिचे 1248 सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर आणि इंडिका व्हिस्टामध्ये बसून या देशात लाखोंनी विकले गेले. गाडी विकणाऱ्यापेक्षा इंजिन देणारा अधिक टिकला असे हे दुर्मिळ उदाहरण आहे, आणि आपल्या भावाच्या दृष्टीने याच परिच्छेदाला सर्वांत जास्त महत्त्व आहे.

कंपनी गेल्यावर गाडीला लागणाऱ्या भागांचे मी दोन गट पाडतो. पहिल्या गटातले भाग माणसाला पुन्हा घडवता येतात. बेळगाव हे फाउंड्रीचे गाव आहे. ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, वॉटर पंपाची बॉडी यांचा जुना नमुना हातात असला तर लाकडी पॅटर्न करून बीड ओतून घेता येते, लेथवर फिरवून मापावर आणता येते, बुश आणि पिन बनवता येतात, गॅस्केट कापून मिळते. दुसऱ्या गटात पुढची वळणदार काच, दरवाजाची रबर बीडिंग, हेडलाइटचा संच, वायरिंगचे खास जोड आणि सर्वांत वर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू. यांतले काहीही उद्यमबागेत होत नाही, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातही होत नाही. 1984 च्या पद्मिनीत जवळजवळ सगळे पहिल्या गटातले आहे. 2010 नंतरच्या गाडीत तिला थांबवून ठेवू शकतील असे बहुतेक भाग दुसऱ्या गटातले आहेत.

काही वर्षांपूर्वी चिकोडीकडच्या एका शिक्षकांनी निघून गेलेल्या एका कंपनीची गाडी माझ्याकडे आणली होती. इंजिन मी स्वतः उघडून पाहिले, बोअर आरशासारखा होता, क्रँकला ग्राइंडिंगचीही गरज नव्हती. गाडी उभी होती ती ईसीयू गेल्यामुळे. हुबळी, पुणे, बंगळूर असे फिरून पाच महिन्यांनी त्यांना जुना ईसीयू मिळाला, तो किल्लीशी जुळवून घेण्यात आणखी तीन आठवडे गेले, आणि त्या काळात ते बसने शाळेत जात होते. एवढे निरोगी इंजिन असलेली गाडी निरुपयोगी पडून असलेली पाहणे मला फार जड गेले.

म्हणून भावाने गाडी पाहताना कंपनीचे नाव विसरून पुढील गोष्टी तपासाव्यात. इंजिन मल्टिजेट असेल, म्हणजे फियाटच्या लिनिया किंवा पुंटोसारखी गाडी असेल, तर इंजिनाची चिंता कमी आहे, कारण त्या इंजिनाचे टायमिंग चेन, बेअरिंग आणि पिस्टन स्विफ्टवाल्यांमुळे अजून बरीच वर्षे मिळत राहतील. मात्र काच, दिवे, दरवाजे आणि बंपर त्या गाडीचे स्वतःचे असतात, तेव्हा यातले काही आधीच फुटलेले असेल तर ती घेऊ नये. तवेरा मुळात इसुझूच्या घराण्यातली, साध्या डिझेलची आणि टुरिस्टवाल्यांनी भरपूर वापरलेली असल्यामुळे जुने भाग मिळतात, पण सहा-सात लाख किलोमीटर धावलेली आणि मीटर मागे फिरवलेली गाडी गळ्यात पडण्याचा धोका तिच्यातच अधिक आहे. महागड्या, थोड्या संख्येने विकल्या गेलेल्या आणि स्वयंचलित गिअरच्या मोटारी, कितीही स्वस्त मिळाल्या तरी, घेऊ नयेत असे मी स्पष्ट सांगतो. दोन्ही किल्ल्या मिळत असतील तरच व्यवहार करावा.

आपल्या भागात एक गोष्ट वारंवार विसरली जाते, ती म्हणजे सीमा. कोल्हापूरची एमएच 09 क्रमांकाची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची असेल तर तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला आणून इकडे नव्याने नोंदणी करावी लागते आणि गाडीच्या वयानुसार इथला कर भरावा लागतो. निपाणीच्या नाक्यापलीकडे स्वस्त दिसणारी गाडी हा खर्च धरल्यावर अनेकदा स्वस्त राहत नाही. व्यवहाराआधी हा हिशेब कागदावर मांडावा.

पद्मिनीबद्दल माझे मत असे की ती जरूर चालू करावी, पण घाईने बॅटरी लावून स्टार्टर मारू नये. इतकी वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटून बसलेल्या असतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, दोन रात्री तसेच ठेवावे, आणि मग गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून हळूहळू पुढे-मागे ढकलून पाहावी. इंजिन फिरले तर अर्धे काम झाले. टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी, कारण जुन्या पेट्रोलने तळाशी गाळ आणि गंज धरलेला असणार. पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केट नवीन घालावीत. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, ज्यातले बरेचसे इथेनॉल आपल्याच जिल्ह्यासारख्या उसाच्या पट्ट्यातून येते, आणि 1984 चे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि चाकांतले सिलिंडर उघडल्याशिवाय गाडी छपराबाहेर काढू नये.

इंजिनापेक्षा मला भीती पत्र्याची आहे. खानापूरचा पाऊस आणि लाल मातीची ओल या गाडीच्या मुळावर येतात. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचे अंगच तिचा सांगाडा आहे. तेव्हा चटई काढून तळ पाहावा, दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्या स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहाव्यात, आणि मागचे पाटे जिथे अंगाला अडकवलेले आहेत ती जागा नीट तपासावी. तिथे पत्रा भुसभुशीत लागला तर आधी चांगला पत्रेवाला शोधावा आणि इंजिनाचा खर्च नंतर करावा. नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. ती किती काळ राहून गेली आहे ते कागदपत्रांवरून पाहून आरटीओत विचारावे. 50 वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, परंतु आपल्या गाडीला ती 2034 मध्ये लागू होईल, तोवर नेहमीची नोंदणी सांभाळली पाहिजे.

मुंबईच्या टॅक्सी थांबल्यापासून पद्मिनीच्या पिस्टनचे नवे संच हळूहळू कमी होत चालले आहेत, म्हणून इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उघडले जाईल त्या दिवशी पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला आकडा वाचून लिहून ठेवावा. तिथे काहीच नसेल तर बोअर अजून 68 मिलिमीटरच्या मूळ मापावर असण्याची शक्यता मोठी आहे आणि पुढे वाढवायला पुरेशी जागा शिल्लक आहे. आकडा असेल तर पूर्वी किती वाढवला आहे ते त्यावरून कळेल. तो आकडा आणि ब्लॉकच्या चारही सिलिंडरांची मापे मला कळवावीत, म्हणजे कोणत्या मापाचे पिस्टन आत्ताच घेऊन ठेवायचे ते मी सांगू शकेन.